तीन दाढीवाले आणि आमची पतसंस्था

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियातल्या ड्यूमाच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, २०२१ च्या निवडणुकांवरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. ४५० पैकी ३२४ जागा सत्ताधाऱ्यांना, तीन दिवस चाललेलं मतदान, मॉस्कोत कागदी मतांवर मागे पडलेले सरकारी उमेदवार ऑनलाइन मतं त्यात धरल्यावर एका रात्रीत पुढे, सगळं व्यवस्थित आलंय. फक्त सेंट पीटर्सबर्गचा प्रकार आपण एका ओळीत उडवलात आणि वर त्याला ‘गमतीदार’ म्हणालात. गंमत कुणाची झाली, एवढंच विचारायचं आहे.

२०२१ मध्ये ड्यूमाबरोबरच त्या शहराच्या विधानसभेचीही निवडणूक होती. याब्लोको या विरोधी पक्षाचे बोरिस विश्नेव्स्की उभे होते. त्यांच्यासमोर आणखी दोन बोरिस विश्नेव्स्की आले. दोघांनी रीतसर नावं बदलून घेतलेली. मतदान केंद्रात उमेदवारांच्या फोटोंचा तक्ता लागतो, म्हणून दाढ्याही तशाच राखलेल्या! निवडणूक आयोगाच्या प्रमुख बाईंनी नाराजी व्यक्त केली म्हणे. नावं मतपत्रिकेवर होती तिथंच राहिली. खरे विश्नेव्स्की त्या मतदारसंघात पडले, पक्षाच्या यादीतून (तिथं काही जागा पक्षाला पडलेल्या मतांच्या प्रमाणात यादीवरून भरतात) कसेबसे सभागृहात पोचले.

आम्हाला यादी नव्हती. आमच्या पतसंस्थेच्या निवडणुकीत मी विरोधी पॅनेलमधून उभा होतो. छाननीच्या दिवशी कळलं, माझ्याच नावाचा, माझ्याच आडनावाचा आणखी एक सभासद अपक्ष उभा आहे. वडिलांचं नाव तेवढं वेगळं, आणि मतदार घाईत तेच वाचत नाही. आपल्या भागात पाटलांना काय तोटा! मला कपबशी, त्याला किटली. हा गृहस्थ एकाही सभासदाच्या दारात गेला नाही, पत्रक नाही, चहा नाही. तरी शेजारीशेजारी छापलेल्या दोन नावांत माझी मतं त्याच्याकडे गेली आणि मी थोडक्यात पडलो. निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेलो तर म्हणाले, “नाव ठेवायचा अधिकार आई-बापाचा, आमचा नाही.” त्या किटलीवाल्याचा पुतण्या पुढं संस्थेत क्लार्क म्हणून लागला. जोडण्या म्हणतात त्या ह्या.

आता सांगा, ज्याच्या हातात पोलीस आहेत, कोर्ट आहे, टीव्ही आहे, त्याच्या राज्यात एका शहरातल्या एका जागेसाठी दाढ्या वाढवायची वेळ का यावी? निवडणूकच नको म्हटलं तर कोण अडवणार होतं? पण त्यांना निवडून आल्याचा कागद लागतो, शिक्क्यासकट. आमच्या चेअरमनसाहेबांनाही तो लागतो. अग्रलेखात आपण ‘सुदैवाने आपल्याकडची लोकशाही प्रगल्भ आहे’ असं लिहिलंय. २०१४ च्या लोकसभेला रायगडात सुनील तटकरे सुमारे २,१०० मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षानं साडेनऊ हजारांवर मतं घेतली, हे आपल्याच पेपरात वाचलेलं असणार. त्यानंतर वर्षभरानं मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायचं ठरलं, ते बरं झालं. आमच्या संस्थेच्या मतपत्रिकेवर अजून कपबशी आणि किटलीच आहे. सहकार खात्याला फोटो छापायला काय अडचण आहे, यावर एखादा अग्रलेख लिहिलात तर जास्त उपकार होतील. मॉस्को लांब आहे.

जाता जाता : माझं रंकाळ्यावरचं मागचं पत्र आपण शेपटी तेवढी छापून मोकळे झालात, त्यामुळं मी महापालिकेचं कौतुक केल्यासारखं दिसलं. गल्लीत अजून चेष्टा चालते. हे पत्र कापायचं असेल तर सरळ केराच्या टोपलीत टाका. आणि रविवारची पुरवणी आमच्या पेठेत सोमवारी का येते, तेही एकदा वितरण विभागाला विचारा.

आपला,
एक सभासद, शिवाजी पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये. छापलंत तरी दोघांतला कोण ते कळणार नाही.)