माझ्या सीनियर मॅडमना, एलएल.एम.ला निघण्यापूर्वी

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरमध्ये लंडनला निघण्यापूर्वी मी चेंबरची किल्ली परत करायला येईन, तेव्हा आपण नेहमीप्रमाणे 'बरं, पोचल्यावर कळव' एवढेच म्हणून पुढची फाईल उघडाल आणि मला जे सांगायचे आहे ते राहून जाईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहिण्याचे कारण निराळे आहे. फोंडा, म्हापसा, मडगाव येथे काम करणारे बरेच ज्युनियर वकील मला विचारतात की परदेशी एलएल.एम.चा, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, अर्ज नेमका कसा केलास. आणि त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आपण काय काय केलेत तेच सांगावे लागते.

दीड वर्षापूर्वी मी आपल्यापुढे अकरा विद्यापीठांची यादी ठेवली होती. त्यांतली सात अमेरिकेतली होती आणि सगळी क्रमवारीच्या तक्त्यांतून उचललेली होती. आपण प्रथम एवढेच विचारलेत की न्यूयॉर्कमध्ये वकिली करायची आहे का. भारतीय विधी पदवीधराला तिथली एलएल.एम. केल्यावर काही अटींवर न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठीच्या परीक्षेला, बसता येते आणि त्यासाठी किमान २४ क्रेडिटचा अभ्यासक्रम लागतो, हे मला पाठ होते. पण ती परीक्षा मला द्यायचीच नव्हती. मग नामांकित ठिकाणी केवळ शिक्षणशुल्कापोटी ७०,००० डॉलरांहून अधिक रक्कम कशासाठी द्यायची, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी यादीत चार नावे उरली, चारही ब्रिटनमधली, आणि प्रत्येकापुढे तिथे मालमत्ता किंवा वारसा कायदा कोण शिकवते हे मी स्वतः शोधून लिहावे असे आपण सांगितलेत.

तरीही पैशांचा प्रश्न होताच. कर्जासाठी गेले तेव्हा बँकेने तारण मागितले, आणि आमच्याकडे दाखवण्यासारखे होते ते फक्त घर. ते अजून दिवंगत आजी-आजोबांच्या नावावर. वारस चार : बाबा, दोन काका आणि बेळगावची आत्या. गोव्यात लग्नानंतर मालमत्ता सर्वसाधारणपणे पती-पत्नीची सामाईक होत असल्याने चौघांच्या जोडीदारांच्याही सह्या हव्यात, म्हणजे एकूण आठ, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मृताच्या मालमत्तेची नोंद करून वारसांत वाटणी ठरवण्याची न्यायालयीन प्रक्रिया, झालेली नसल्यामुळे कोणाचा वाटा कोणता हेच ठरलेले नाही. बँकेने कागद परत केले. मी दुसऱ्या दिवशी उशिरा आले, आपण कारण विचारलेत, आणि माझे सगळे बोलणे संपेपर्यंत मध्ये एक शब्दही बोलला नाहीत. नंतर आपण चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे नियम वाचून यायला सांगितलेत. ब्रिटिश सरकारची ही शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाचा संपूर्ण खर्च उचलते, त्यासाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ज्युनियर वकिलाला ना पगारपत्रक, ना हजेरीपट. आपल्या चेंबरमधल्या केस-डायऱ्या घेऊन तीन रविवार माझ्यासोबत बसून आपण तास मोजलेत, आणि ज्या दिवशी मी केवळ तारीख घेऊन परत आले होते त्या दिवसाचे तास अर्धेच धरलेत. तेव्हा मला ते कठोर वाटले होते. पुढे मुलाखतीत अनुभवाबद्दल विचारले गेले तेव्हा एकही आकडा सांगताना माझा आवाज डळमळला नाही.

अर्जातले उद्दिष्टांचे निवेदन मात्र सर्वांत जड गेले. माझ्या पहिल्या खर्ड्यात विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली स्तुती मी त्यालाच परत ऐकवली होती. आपण तो बाजूला ठेवून आपल्याकडच्या दोन जुन्या इन्व्हेंटरी फायली माझ्या हाती दिल्यात आणि सांगितलेत की पक्षकारांची ओळख पटेल असे काहीही न लिहिता यांत वर्षे कुठे गेली ते एका पानात मांड. ते पान लिहायला मला सतरा दिवस लागले. एक वारस लिस्बनमध्ये, एक आखातात, एकाचा पत्ताच बदललेला. नोटिसा बजावण्यातच फाईल जाड होत गेली होती. ते लिहिताना मला प्रथमच उमगले की आमच्या घराची अडचण हा केवळ आमच्या कुटुंबाचा दैवदुर्विलास नाही, तो अभ्यासाचा विषय आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून इथे लागू झाली. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता स्वीकारली, आणि आपल्याकडे मात्र १९६१च्या मुक्तीनंतर १९६२च्या प्रशासन अधिनियमाने जुनी चालू ठेवली. वारसा आणि इन्व्हेंटरीच्या तरतुदी आता गोव्याच्या २०१२च्या कायद्यात आल्या आहेत, आणि गोमंतकीयांच्या गोव्याबाहेरील भारतातल्या मालमत्तेलाही हीच वारसापद्धती लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. हे सारे मी महाविद्यालयात परीक्षेपुरते वाचले होते.

याच निवेदनात मी एक वाक्य मोठ्या अभिमानाने लिहिले होते : गोव्याच्या कायद्याने स्त्रीला संपूर्ण समानता दिली आहे. आपण त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत आणि कलमे दाखवून विचारलेत, की मुलीला मुलाइतकाच वाटा देणाऱ्या त्याच संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार कोणाच्या हाती दिला आहे? पतीच्या. ते वाक्य मी खोडले आणि त्या जागी तो विरोधच लिहिला. मला प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाने पत्रात नेमक्या त्याच परिच्छेदाचा उल्लेख केला आहे, हे आपल्याला मी अजून सांगितलेले नाही.

शिफारसपत्राबाबतही मला लिहिलेच पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यानेच खर्डा करून नेण्याची आणि मोठ्यांनी सही करण्याची रीत आहे, म्हणून मीही खर्डा घेऊन आले होते. आपण तो वाचलादेखील नाहीत. त्याऐवजी मी स्वतः केलेल्या दहा कामांची नोंद मागितलीत, त्यांतल्या दोन कामांत माझ्या चुका काय झाल्या होत्या तेही लिहायला लावलेत, आणि पत्र थेट विद्यापीठांना पाठवलेत. त्यात काय आहे ते आजही मला ठाऊक नाही आणि मी कधी विचारणारही नाही. पण कोणीतरी माझ्याविषयी माझ्या नजरेआड, पूर्ण विचार करून लिहिले, याचे मोल मला कळते.

जुलैमध्ये विनाअट प्रवेशपत्र अडकले ते आडनावापायी. गुणपत्रिकांवर पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, पासपोर्टवर इंग्रजी वळणाचे. गोव्यात हे घरोघरी आहे, तिकडच्या कार्यालयाला मात्र त्या दोन व्यक्ती वाटल्या. न्यायालयातून दमून आल्यावर आपण रात्री साडेनऊला दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार केलेत, सोबत स्पेलिंगांचा इतिहास सांगणारे अर्ध्या पानाचे पत्र जोडलेत, आणि चार दिवसांत उत्तर आले.

या सर्व काळात आपण माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत, आणि माझी बोर्डवरची, म्हणजे सुनावणीला लागलेली, कामे दुसऱ्या ज्युनियरकडे देताना कधी आवाज चढवला नाहीत. आता तर आमच्या घराच्या इन्व्हेंटरीचा अर्जही आपणच दाखल केला आहे. बाबांनी फीविषयी विचारले तेव्हा आपण म्हणालात, की फीचे पुढे बघू, आधी आत्याबाईंचा नवा पत्ता द्या. पत्ता मिळाला आहे. तो आणि आत्याच्या विवाह दाखल्याची प्रत आपल्या टेबलाच्या डाव्या खणात, निळ्या फायलीत ठेवली आहे. पुढच्या तारखेला ती बेळगावहून स्वतः येणार आहे. तिला न्यायालयाची फार धास्ती वाटते, तेव्हा तिला आत नेताना कृपया आपण सोबत असावे, एवढी एक विनंती मी आणखी करते.

आपली कृतज्ञ,
आपली ज्युनियर
फोंडा, गोवा