सिमेंटची रिकामी गोणी

प्रिय आप्पा,

काय भो, बरं चाललंय ना? फोनवर तू दोनदा विचारलंस, "त्या बंधाऱ्याचं काय झालं?" दोन्ही वेळा मी पावसापाण्याच्या गप्पा मारून विषय टाळला. खरं सांगू, लाज वाटत होती. आता सगळं लिहून काढतो. तू इंजिनिअर, चुकलो असेन तिथे झाप.

शिरपूर पॅटर्न गाजल्यापासून आपल्याकडे प्रत्येक गावाला सिमेंटचा बंधारा हवा असतो. भूवैज्ञानिक खानापूरकर साहेबांनी तिकडे नाले खोल-रुंद केले, मग ओळीने बंधारे घातले, विहिरींना पाणी आलं. आमच्या भागात खोलीकरणाचा भाग गाळला आणि नुसती भिंत उचलली. बिल भिंतीचं निघतं ना!

मी लिहितोय ती भिंत २०२० ची. गुरं चारणारे एक आजोबा मला तिथे घेऊन गेले. "पानी येस आन् निंघी जास, भाऊ," एवढंच म्हणाले. मी नखाने खरवडलं तर गिलावा खपलीसारखा हातात आला, आत नाल्यातलेच गोटे. आपल्या चौकातल्या गवंड्याकडून तीस मीटरचा टेप मागून आणला. भिंत साडेसोळा मीटर भरली.

मे महिन्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. मुदत तीस दिवसांची, उत्तर आलं एकोणतिसाव्या दिवशी: "सदर अभिलेख शोध घेऊनही आढळून येत नाही." आप्पा, मला हसूच आलं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावच्या माळ्यांवरून, रद्दीतून जुनी दप्तरं गोळा केली. ते १९२६ साली धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाच्या मंडळाने शिवकाळातले कागद वाळवीपासून जपून ठेवलेत. त्याच जिल्ह्यात तीन वर्षांपूर्वीची फाईल सापडत नाही!

त्याच संध्याकाळी मी बंधाऱ्यावर गेलो. जाऊन बघतो तर भिंत नवी कोरी. अर्ज गेल्यावर कुणीतरी रातोरात वरून जाड गिलावा मारला होता, फलकावर ताजा ऑइलपेंट, बोट लावलं तर पिवळं झालं. आणि बाभळीच्या बुंध्यात एक रिकामी गोणी अडकलेली. सिमेंटच्या गोणीवर ती कोणत्या साली, कितव्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या गवंड्यानेच सांगितलं. आठवडा एकविसावा, साल २०२३. काम कागदोपत्री पूर्ण झालं २०२० मध्ये. गोणी घडी घालून घरी आणली. बायको म्हणाली, आता हेही सांभाळायचं का?

बघ ना, आधीची चोरी मला सिद्ध करता आली नसती. गोटे किती, सिमेंट किती, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? ती झाकायला गेले आणि पुरावा ठेवून आले. वॉटरगेटची घरफोडी १७ जून १९७२ ची. निक्सनने ऑगस्ट १९७४ मध्ये खुर्ची सोडली ती घरफोडीपेक्षा ती दडपायच्या खटाटोपापायी, आणि तो खटाटोपही स्वतःच्याच ऑफिसात टेप करून ठेवलेला! आमच्या ठेकेदाराने टेप नाही, गोणी ठेवली.

पुढे वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील केलं. सुनावणीत म्हटलं, फाईल हरवली असेल तर सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, तसा गुन्हा दाखल करा. आठ दिवसांत फाईल कपाटामागे सापडली. एकशेबारा पानं, दोन रुपयांप्रमाणे दोनशे चोवीस भरले. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, भिंतीची लांबी बावीस मीटर. चार वेगवेगळ्या महिन्यांतल्या नोंदी, अक्षर एक, पेन एक, शाईसुद्धा एकाच जागी फिकट झालेली. पायाच्या खोदाईचं मोजमाप ज्या तारखेला घेतलंय, त्या दिवशी नाल्याला पूर होता. मला कसं माहीत? ती पुराची बातमी मीच दिली होती. कात्रण सापडलं.

आता लाजेचा भाग.

सप्टेंबरात मामा आले. हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. ओट्यावर बसले, चहा घेतला, कापसाचा भाव बोलले. उठता उठता म्हणाले, "भाचा, तो ठेकेदार आपल्या ताईच्या दिराचा व्याही लागतो. पोरीचं घर आहे. तू शहाणा आहेस." बस, एवढंच. धमकी आली असती तर मी दुसऱ्या दिवशी बातमी लावली असती, तुला माहीत आहे माझा स्वभाव. वांग्यांचं काय करणार? भरीत केलं, कळण्याच्या भाकरीसोबत खाल्लं.

मग दिवाळी पुरवणी. आम्हा तालुका वार्ताहरांना पगार नाही, जाहिरातीचं कमिशन हाच काय तो पैसा. त्याच ठेकेदाराने अर्धं पान दिलं, हात जोडलेला फोटो, "हार्दिक शुभेच्छा." मी ती घेतली. कमिशन साडेचार हजार. त्यातून पोराचे कपडे आणि सायकलची चेन. बातमी मी दिवाळीनंतर ढकलली, आणि स्वतःला सांगत राहिलो की पुरावा अजून पक्का करायचाय. पक्का तर होताच. फाईल कपाटामागे ठेवणारा कारकून आणि मी यांत फरक काय, ते तूच सांग.

३१ ऑगस्ट २०१९ ला मी धुळ्याच्या कोर्टाबाहेर उभा होतो, जळगावच्या घरकुल घोटाळ्याचा निकाल लागला तेव्हा. अठ्ठेचाळीस जणांना शिक्षा. महापालिकेच्या आयुक्तांनी फिर्याद दिली होती २००६ मध्ये. तेरा वर्षं! त्या दिवशी मी वहीत साक्षीपुराव्याबद्दल बरंच काही लिहून घेतलं होतं. इतकी वर्षं त्या कागदांना किती घरची वांगी आली असतील, हा प्रश्न मात्र तेव्हा सुचला नाही.

शेवटी नोव्हेंबरात बातमी लागली. आतल्या पानावर, दोन कॉलम, "संबंधित ठेकेदार", नाव नाही. गोणीचा फोटो मात्र मी हट्टाने लावायला लावला. चौकशीचे आदेश निघालेत. ताईने फोन उचलणं बंद केलंय. मामांनी एकदा केला, वांगी विचारली नाहीत, तब्येत विचारली.

तुझं काम एवढंच. एमबीच्या आठ पानांच्या झेरॉक्स सोबत जोडतोय. घनमीटरचे आकडे मला जुळत नाहीत. पायाची रुंदी धरून काँक्रीट किती लागायला हवं होतं, ते साध्या मराठीत एका कागदावर मांडून दे. नाव टाकू नकोस, सही नको. फाईलमधली जी पानं मिळाली नाहीत त्यांसाठी दुसरं अपील माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे करायचंय, त्याआधी हिशोब हातात हवा.

आणि संक्रांतीला येशील तेव्हा तुझा टेप घेऊन ये. गवंडी रोज विचारतो, त्याचा परत द्यायचाय.

तुझा,
नाना