सात की आठ?

प्रिय बाबा आणि आई,

दोघांनाही नमस्कार.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं आईच्या मनात आलंच असेल. आई, या वेळी आधी बाबांना वाचू दे. चष्मा लावून, निवांत, एकट्याने. खांद्यावरून डोकावू नकोस.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर मी चार पानं इकडचं तिकडचं लिहीत बसेन. बाबा, येत्या गुरुवारी सकाळी साडेदहाला तुमच्या कानांच्या तपासणीची वेळ घेतली आहे. दादा रजा काढून न्यायला येईल. तुम्हाला विचारलं नाही, हे खरं. विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता, आणि तुमच्या ‘बघू’वर मोतीबिंदू किती महिने पिकत राहिला ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा. दादा बिचारा ‘तूच सांग बाई’ एवढंच म्हणाला.

हे डोक्यात आलं ते मागच्या महिन्यात, मी चार दिवस तुमच्याकडे होते तेव्हा. छोटीच्या नाटकाचा घोळ आठवतो ना? आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘सातला पोचायचंय’, आणि दादाबरोबर पुढे गेली. तुम्ही दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आठला पाच कमी असताना हजर. पडदा पडलेला, खुर्च्या उचलायला लागलेले, आणि छोटी मिशीसकट रडत बसलेली. ‘तू आठ म्हणालीस.’ ‘मी सात म्हणाले.’ दोन दिवस अबोला. मीही आईच्याच बाजूने होते, खोटं कशाला बोलू.

पण त्या रात्री झोप येईना. आई बोलली तेव्हा नळ चालू होता, हे मला आठवत होतं. अंधारात मी आपली ‘सात’ म्हणून पाहिलं. मग त्यातला ‘स’ गाळून म्हणून पाहिलं. उरतं ‘आत’. नळाच्या आवाजात ‘आत’ काय आणि ‘आठ’ काय!

नंतर एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. वयामुळे ऐकू कमी यायला लागतं तेव्हा सगळे आवाज सारखे बारीक होत नाहीत. वरच्या पट्टीतले आधी जातात, आणि स, श, फ ही मंडळी त्यातलीच. आ, ओ, ऊ खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि माणसाला वाटतं, मला तर ऐकू येतंय, हेच लोक पुटपुटतात. ‘हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात’ हे कोण म्हणतं आपल्या घरात? बायकांचा आणि मुलांचा आवाज बहुतेक वेळा वरच्या पट्टीतला, म्हणून दादाचं बोलणं समजतं आणि आईचं नेमकं निसटतं. आई, ‘माझंच तेवढं ऐकत नाहीत’ ही तक्रार निदान गेल्या दोन-तीन वर्षांपुरती मागे घे. त्याआधीच्या वर्षांचं तुमचं तुम्ही बघा.

आता माझा गुन्हा. वर्षभर मी मनात धरून बसले होते की बाबा माझ्याशी बोलत नाहीत. फोन उचलला की ‘बरी आहेस ना? आईला देतो.’ संपलं. मी दादाला म्हणालेही, बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत. मला वाटलं, मी इतक्या लांब राहायला आले ते तुम्ही अजून माफ केलेलं नाही. तुम्हाला माझं बोलणं कळत नसेल आणि तीनदा ‘काय?’ विचारायचा संकोच वाटत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आणि हे कुणाच्या बाबतीत? माझी छाती भरलेली असायची त्या दिवसांत रात्री श्वास घरघरला की भिंतीपलीकडून तुम्हाला ऐकू यायचा. आई दमून झोपलेली असायची. मी हाक मारायच्या आधी तुम्ही दारात, हातात गरम पाण्याची पिशवी. मला तेव्हा वाटायचं, तुम्ही झोपतच नाही.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही. टोचत नाहीत, दुखत नाही. शांत खोलीत कानांवर हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. अर्धाएक तासाचं काम. कदाचित नुसता मळच निघेल, मग मला हवं तेवढं हसा. यंत्र लावा म्हणाले तर ते हल्ली फार लहान असतं, आणि त्यात कमीपणा कसला? चष्म्याला तर आपण ‘चाळिशी’ असं वयाचंच नाव देऊन ठेवलंय, तरी कुणी तो लपवून ठेवत नाही. फक्त एक. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची सळसळ सगळं अंगावर येतं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी ‘मला नाही जमत’ म्हणून डबी कपाटात टाकायची नाही. खर्चाचं दादाचं आणि माझं ठरलंय, त्यावर चर्चा नको.

एवढी घाई का, तर एक गोष्ट लिहू की नको करत होते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण हाताळता येण्यासारखे १४ घटक सांगितले. त्यात कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे, तो प्रश्नच नाही. पण तुम्ही मित्रांच्या बैठकीला जायचं सोडलंत, ते गुडघ्यामुळे म्हणता. मला नाही वाटत गुडघ्यामुळे.

आई, आता तुझी पाळी. दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. नळ बंद, टीव्ही बंद, त्यांच्या समोर जाऊन, तोंडावर उजेड पडेल असं उभं राहून बोल. ओरडू नकोस, ओरडल्याने शब्द आणखी फाटतात. तेच वाक्य तीनदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांग. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे तर अजिबात म्हणायचं नाही. मी त्या चार दिवसांत तू ते म्हणताना पाहिलं आणि बाबांचा चेहराही पाहिला. तू दमतेस, हे मला कळतं गं. दिवसभर दुभाष्याचं काम करणं सोपं नाही. म्हणून तर ही सगळी खटपट.

तुझं बीपी मोजतानाही माझ्याशी फोनवर बोलू नकोस. बोलताना आकडा चढतो आणि मग आपण दोघी घाबरतो. पाच मिनिटं टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बस, मग मोज. तहान लागली नाही तरी पाणी पी, वयाबरोबर तहानच कमी लागते.

आणि बाबा, रात्री दहा वाजता १०,००० पावलं पुरी करायला घरात येरझाऱ्या घालू नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. साठीनंतर सहा ते आठ हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नाही. उरलेल्या वेळात खुर्चीतून हात न टेकता उठबस करा, पायांत ताकद राहील.

गुरुवारी संध्याकाळी मी फोन करेन. बाबा, तो तुम्ही उचला आणि लगेच आईला देऊ नका. मी सावकाश बोलेन. छोटीने नाटकातला तिचा प्रवेश तुमच्यासाठी पुन्हा करून दाखवायचं कबूल केलंय, मिशी लावून. वेळ ती स्वतः कागदावर लिहून देणार आहे.

तुमची,
मनी

ता. क. आई, तुझ्या हेअरपिना बाबांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेव. कान कोरताना मी त्यांना दोनदा पकडलंय.