‘आणि सहकारी’ यांची नावे छापा

महोदय,

सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही यात्रेची पत्रिका घ्या. गायक, देणगीदार ठळक. ढोलकी, पेटी, हलगीवाल्यांसाठी नुसते ‘आणि सहकारी’. प्रश्न मानापमानाचा नाही, पोटाचा आहे. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेला वय ५० आणि कलाक्षेत्रातले १५ वर्षांचे काम लागते. वयाचा दाखला मिळतो. घोडे अडते ते कामाच्या पुराव्यावर. सुपारी फोनवर ठरते, बिदागी रोख मिळते, पावती कुठलीच नाही. साठीतला ढोलकीवाला जुन्या पत्रिका धुंडाळतो आणि सापडलेल्या पत्रिकेत त्याचे नावच नसते! मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाजवणाऱ्यांचे कागद मात्र कोरेच.

यात्रा कमिट्यांनी साथीदाराचे नाव वाद्यासह आणि आधार कार्डावर आहे तसेच छापावे. ‘बंडू मास्तर’ अर्जाला चालत नाही. कार्यक्रम संपताच, म्हणजे बिदागी देतानाच, लेटरहेडवर तारीख, गाव, वाद्य लिहून सही-शिक्क्याचे पत्र द्यावे. नंतर कमिटी बदलते आणि कोणी ओळख देत नाही. बिदागी खात्यावर पाठवली तर बँकेतही नोंद राहते. वादकांनी मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नये, मूळ पत्रिका फाइलला लावावी. चैत्रातल्या यात्रांच्या पत्रिका छापायला जाण्याआधी एवढे व्हावे.

– एक वाचक, तासगाव