ज्वालामुखीच्या बातमीत त्याचा प्रकारही सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्वालामुखीच्या उद्रेकाची बातमी आली, की बहुतेक वेळा एकच चित्र वाचकांपुढे उभे केले जाते: शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उसळणारा लालभडक लाव्हारस. भूगोल शिकवताना हेच चित्र मुलांच्या मनातून पुसायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून हे पत्र.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे वितळलेला खडक भरलेला नाही. कवचाखालचे प्रावरण बहुतांशी घनच आहे. काही ठिकाणी दाब कमी झाल्यामुळे किंवा पाणी मिसळल्यामुळे खडकाचा थोडा भाग वितळतो आणि भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने हा शिलारस वर सरकतो. त्यात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू विरघळलेले असतात. पृष्ठभागाजवळ येताना दाब उतरतो आणि सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर व्हावे तसे बुडबुडे सुटू लागतात. ते सहज निसटले, तर लाव्हा नुसता वाहतो. अडकले, तर शिलारसाच्याच ठिकऱ्या उडून त्याची राख होते. वर्गात मी प्यूमिसचा, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेला सच्छिद्र, दगड पाण्याच्या बादलीत टाकतो, तेव्हा तो तरंगतो, कारण त्याच्या अंगभर त्याच अडकलेल्या बुडबुड्यांची भोके असतात.

बुडबुडे निसटणार की अडकणार, हे मुख्यतः सिलिकावर, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकावर, ठरते: सिलिका जास्त, तितका शिलारस चिकट. बेसाल्टच्या शिलारसात सिलिका सुमारे ५० टक्के, तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. तो पातळ असतो आणि दूरवर पसरतो. त्याचे थरावर थर साचून हवाईच्या मौना लोआसारखा ढाल ज्वालामुखी तयार होतो, ज्याची उंची ४,१६९ मीटर असूनही उतार अगदी मंद आहे. तिथल्या ताज्या लाव्ह्यावर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो, आणि आतला रस पुढे सरकला की त्या पापुद्र्याला सुरकुत्या पडतात. कधी हा लाव्हा डोंगर न उभारता लांबच लांब भेगेतून येतो. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीची सुमारे २७ किलोमीटरची भेग आठ महिने वाहत होती. पण देशाची जवळपास एक पंचमांश लोकसंख्या गेली ती लाव्ह्याखाली सापडून नव्हे, तर विषारी वायूंनी गुरे मेल्यावर आलेल्या दुष्काळाने.

सिंडर शंकू, म्हणजे उडालेल्या लाव्ह्याचे खडे तोंडाभोवती साचून झालेले ढीग, आकाराने लहान असतात. मेक्सिकोत १९४३ मध्ये एका शेतात उगवलेला पारिकुटिन नऊ वर्षांत शांत झाला.

खरी धास्ती घ्यावी ती चिकट शिलारसाच्या, राख आणि लाव्हा यांच्या थरांनी बनलेल्या मिश्र ज्वालामुखीची. मार्टिनिक बेटावरील माँ पेलेतून ८ मे १९०२ रोजी तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट उतरला आणि काही मिनिटांत सेंट पिएर शहरातील सुमारे २८,००० माणसे मेली. कोलंबियात १९८५ मध्ये नेवादो देल रुइझच्या तुलनेने छोट्या उद्रेकाने माथ्यावरचे बर्फ वितळले आणि रात्रीतून आलेल्या चिखलाच्या पुराने आर्मेरो गाव गाडले. दोन्ही ठिकाणी माणसांवर धावून आला तो लाव्हा नव्हता.

जागृत, निद्रिस्त आणि मृत ही आपल्याला पाठ असलेली वर्गवारी धोका ओळखायला फारशी उपयोगी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फिलिपिन्समधील पिनाटुबो सुमारे ५०० वर्षे गप्प होता आणि १९९१ मध्ये त्याचा उद्रेक इतका प्रचंड झाला, की शिखरच खचून तिथे कॅल्डेरा, म्हणजे कढईसारखा मोठा खळगा, बनला. शास्त्रज्ञांनी भूकंपाचे हादरे आणि वायूंचे प्रमाण पाहून वेळेवर इशारा दिला आणि लोक हलवले गेले, म्हणून हजारो जीव वाचले.

तेव्हा विनंती अशी, की यापुढील प्रत्येक बातमीत ज्वालामुखी कोणत्या प्रकारचा आहे, हे एका वाक्यात तरी सांगावे. आणि लाव्हा कुठवर पोचला याच्या आधी, राख कोणत्या दिशेला जात आहे, माथ्यावर बर्फ आहे का आणि खालच्या दऱ्यांत वस्ती किती आहे, हे छापावे.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक