दिगू, तुझ्या निळ्या सायकलच्या ब्रेकबद्दल

छत्रपती संभाजीनगर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिगू,

सहा महिने झाले, तुला एक ओळ नाही. रागावला असशील तर बरोबरच आहे. इकडं सगळे ठीक, आईचे गुडघे तसेच. आज लिहायला बसलो ते सायकलसाठी, कारण दुसऱ्या कुणाला सांगून त्यातलं कळणार नाही. तुझी निळी सायकल ओरडायलीय, आणि नुसती ओरडत नाही, थांबतही नाही.

तुझा भाचा ओंकार परवा ती घेऊन म्हैसमाळहून उतरला. खुलदाबाद येईपर्यंत मागचा ब्रेक किंचाळत होता. पुढं दौलताबादच्या घाटात वेशीपाशी गाड्या तुंबल्या होत्या, तिथं पुढची लिव्हर थेट हँडलला टेकली. पाय घासत थांबला पोरगा. लागलं काही नाही, पण तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

आता भांडतो. मागचा ब्रेक वाजतोय असं त्यानं तुला फोनवर सांगितलं आणि तू म्हणालास, ब्लीड करून घे, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढून घे. वीस वर्षं तुझं हेच. ताप आला की सलाईन लाव म्हणणाऱ्या डॉक्टरसारखं! अरे, आधी लिव्हर दाबून बघायची. मागची लिव्हर दगडासारखी घट्ट होती. लिव्हर घट्ट आणि तरी सायकल थांबत नाही, म्हणजे तेल जिथं पोचायचं तिथं पोचतंय, बिघाड पॅड आणि ते चाकावरच्या ज्या डिस्कला धरतात तिच्यातच आहे. तिथं ब्लीड करून काय होणार?

मागचे पॅड काढून ट्यूबलाइटखाली धरले. नवा पॅड खडूसारखा कोरडा, राखाडी दिसतो. हे काळपट आणि आरशासारखे चमकत होते. डिस्कच्या भोकांच्या कडांना मेणचट रेघ बसलेली. हा तुझा लाडका चेनचा स्प्रे! मागची डिस्क चेनपासून वीतभर लांब, फवारा उडाला की सगळ्यात आधी तिच्यावरच बसतो. मी थेंबाथेंबानं प्रत्येक रोलरवर तेल सोडायचो आणि वरचं फडक्यानं पुसायचो, तेव्हा तू मला सोनार म्हणायचास. आता बघ.

डिस्क वाचली. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणलं आणि फडकं पांढरं राहीपर्यंत पुसत राहिलो. हात धुवायचं सॅनिटायझर वापरायचं नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, त्याचा थर डिस्कवर राहतो. पेट्रोलही नको. पॅड नुसते गुळगुळीत झाले असते तर १०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून घासले असते आणि भागलं असतं. पण तेल आत मुरलंय. ओंकारला कुणीतरी गॅसवर भाजायला सांगितलं होतं. तेवढ्यापुरता धूर निघतो, मग डिस्क तापली की आतलं तेल परत वर येतं, शिवाय पॅडची पूड धरून ठेवणारं रेझिन ठिसूळ होतं. ते पॅड मी फेकले.

पुढच्या ब्रेकचं दुखणं वेगळं, आणि इथं अर्धा मुद्दा तुझा. लिव्हर पाच-सहा वेळा भराभर दाबली की घट्ट व्हायची, मिनिटभर सोडली की पुन्हा मऊ. ही हवा. तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून बोटांचा जोर बुडबुडे चेपण्यात जातो. दुकानात तुझ्या सांगण्यावरून दोन्ही ब्रेक ब्लीड केले होते, पण लिव्हरजवळच्या तेलाच्या टाकीत हवा तशीच राहिली. त्यात पोरांनी सायकल जीपच्या टपावर उलटी बांधून म्हैसमाळला नेली. उलटी झाली की टाकीतली हवा होजमध्ये, म्हणजे तेलाच्या नळीत, शिरते. वर पोचल्यावर सरळ उभी करून पाच मिनिटं लिव्हर दाबत बसला असता तरी कळलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे ब्लीड करताना पॅड आतच ठेवले होते. एक थेंब ओघळला की पॅड गेलेच. पुढचेही गेलेत.

आज मी परत केलं. चाक काढलं, पॅड काढले, पॅड ढकलणाऱ्या दोन पिस्टनच्या मधे ब्लीडचा पिवळा ब्लॉक बसवला. लिव्हर जमिनीला समांतर, वर फनेल, खालून सिरिंजनं हळूहळू तेल. होजवर पान्याच्या मुठीनं टकटक करत गेलो तसे मोहरीएवढे बुडबुडे फनेलमध्ये येऊ लागले. शेवटी लिव्हर दाबून धरून तेल सोडायचा खालचा निपल क्षणभर उघडून बंद, असं तीनदा. आता लिव्हर अर्ध्यातच अडते.

तेलाचं मात्र ओंकारच्या डोक्यात पक्कं बसव. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइलच. मोटारच्या दुकानात 'ब्रेक ऑइल' मागितलं की गाड्यांचं डॉट ३ नाहीतर ४ नावाचं तेल देतात, त्यानं आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. स्रॅम कंपनीच्या पुष्कळ ब्रेकना डॉट ५.१ लागतं, त्यात मिनरल घातलं तरी तीच गत. झाकणावर लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

अजून एक सापडलं. पुढचा डावा पिस्टन हलतच नव्हता. काळ्या रानातला चिखल वाळून कडेला सिमेंटसारखा बसला होता. एकटा उजवा पिस्टन डिस्कला ढकलत होता, म्हणून ती वाकून घासत होती. उजवा प्लास्टिकच्या टायर लिव्हरनं दाबून धरला, डावा थोडासाच बाहेर काढला, कानकाडीनं अल्कोहोल लावून पुसला, मिनरल ऑइलचा एक थेंब दिला आणि आत ढकलला. चार-पाच वेळा केल्यावर दोघं जोडीनं चालायला लागले. पॅड बसवले की कॅलिपरचे, म्हणजे पिस्टन असलेल्या डब्याचे, दोन्ही बोल्ट सैल करायचे, लिव्हर दाबून धरायची आणि एकेक करून ६ ते ८ न्यूटन मीटरला आवळायचे.

मोजमाप: डिस्क नवी १.८ मिमी असते, १.५ ला बदलायची. तुझी १.७ आहे. पॅडचं मटेरियल ०.५ मिमीवर आलं की संपलं. तू मेटल पॅड घे म्हणशील, ते टिकतात म्हणून. घेऊ नकोस. तुझ्या डिस्कवर फक्त रेझिन पॅड असं कोरलंय, मेटल तिला खाऊन टाकेल. तुझ्याकडं पुण्यात बी०५एस नावाचे रेझिन पॅड मिळतील, दोन जोड पाठव.

ते आले की विद्यापीठामागच्या लेण्यांच्या रस्त्यावर त्याला घेऊन जातो. वीसच्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा, चाक लॉक न करता, पूर्ण न थांबता. मग थोड्या जास्त वेगातून दहा वेळा. तोवर पॅडचा पातळ थर डिस्कवर बसत नाही आणि नवा ब्रेकही धरत नाही. आणि उतारावर ब्रेक सतत धरून ठेवायची सवय त्याची मोड. दाबायचं, सोडायचं. पावसात ओली डिस्क ओरडली तर घाबरायचं नाही, दोन-चार दाबांत गप्प होते.

नव्या नोकरीचं कळलं, आनंद झाला. चिमीच्या दाताचं काय झालं? वहिनींना नमस्कार. दिवाळीला येणार का, ते एका ओळीत कळव.

ओंकार येत्या रविवारी पुन्हा म्हैसमाळला निघालाय. माझं ऐकत नाही, मामाचं ऐकेल. उद्याच फोन कर. तोवर पुढचं चाक माझ्या कपाटात आहे, किल्ली आईकडं.

तुझा,
बाळू