उपासनेत आपली माणसेही आठवावीत

९ मे हा ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा स्मृतिदिन. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. त्यांची भजने पेटी-तबल्यावर आपण आजही गातो, पण त्या आठवड्याच्या चर्चमधील उपासनेत त्यांचे नावही निघत नाही, याची खंत वाटते. वर्षाचे नियोजन करताना नाताळ, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) एवढेच पाहिले जाते.

संतांचे दिवस म्हटले की काही ज्येष्ठांना धास्ती वाटते. पण इथे कुणाची पूजा करायची नाही, त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानायचे आहेत. बायबलमधील इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातही, वचन सांगणाऱ्यांची आठवण ठेवा, असेच म्हटले आहे.

स्मृतिदिनाच्या जवळच्या रविवारी त्या व्यक्तीचे एखादे गीत, साजेसा शास्त्रपाठ आणि मध्यस्थीच्या (इतरांसाठी करायच्या) प्रार्थनेत दोन ओळी एवढे पुरे. १८ ऑक्टोबर हा शुभवर्तमान लिहिणाऱ्या वैद्य लूकचा दिवस. मिशन रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. वॉनलेस यांच्या मिरजेत त्या आठवड्यात परिचारिका, वॉर्डबॉय आणि रुग्णांसाठी प्रार्थना व्हायलाच हवी.

तारखा मात्र आधी तपासाव्यात. पंडिता रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ चे, आणि २०२६ मध्ये त्याच तारखेला ईस्टर आहे. अशा वेळी इंग्लंडच्या चर्चने त्यांच्यासाठी ठेवलेला ३० एप्रिल घेता येईल. चर्चच्या पंचकमिटीने पुढच्या वर्षाचे वेळापत्रक ठरवताना निदान टिळक, लूक आणि रमाबाई या तीन नावांचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

– एक उपासक, सातारा